फिरत्या ताटल्यांची सुशी

आज जपानला जाऊ या, तेही थेट खानावळीत.

सुशी म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कच्चा मासा ना तो?" तर नाही. सुशी म्हणजे भात. तांदळाचं व्हिनेगर, मीठ आणि थोडी साखर घातलेला आंबटसर, चिकट भात. त्यावर मासा असेल, अंड्याची वडी असेल, नाहीतर आत काकडी असेल. नुसत्या कच्च्या माशाच्या कापांना जपानी लोक साशिमी म्हणतात. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे. आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट या भाताचीच आहे. तो कोणी रांधायचा, कोणी वळायचा आणि दुकानात बसून कोणी खायचा, याची.

सगळ्यात जुनी सुशी हा मासा टिकवण्याचा उपाय होता. मीठ लावलेला मासा शिजलेल्या भातात दाबून महिनोन् महिने ठेवायचा. भात आंबतो, त्या आंबटपणात मासा टिकतो. खाताना भात टाकून द्यायचा. बिवा नावाच्या मोठ्या सरोवराकाठी फुनाझुशी नावाने हा प्रकार आजही करतात. त्याचा वास असा की सुकट-बोंबलाची सवय असलेली बाईसुद्धा दचकेल. पुढे लोकांना भातही खावासा वाटू लागला. मग आंबायची वाट कशाला पाहायची, म्हणून भातात थेट व्हिनेगर आलं. १८२०च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हातावर भाताचा गोळा वळून त्यावर मासा ठेवून लगेच द्यायची पद्धत रूढ झाली. हानाया योहेई या माणसाचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. ही सुशी रस्त्यावरच्या गाड्यांवर मिळायची. कामावरचा माणूस यायचा, उभ्या उभ्या दोन-चार गोळे खायचा, निघायचा. साके दारू गाळून उरलेल्या चोथ्यापासून केलेलं स्वस्त तांबूस व्हिनेगर त्यात असायचं. आपल्याकडे वडापावची जी जागा आहे, तीच तिकडे या सुशीची होती.

पण मैत्रिणींनो, याच काळात घरातही सुशी होत होती, आणि ती बायकाच करत होत्या. ३ मार्चला जपानात मुलींचा सण असतो, हिनामात्सुरी. बाहुल्या मांडतात आणि घरोघरी चिराशी सुशी करतात. आंबट भात मोठ्या पसरट लाकडी भांड्यात पसरायचा, वर अंड्याच्या बारीक पट्ट्या, कमळकाकडीच्या चकत्या, कोळंबी. तळलेल्या टोफूच्या पिशव्या गोडसर रश्शात शिजवून त्यात भात भरला की इनारी सुशी. शाळेच्या खेळाच्या दिवशी मुलांच्या डब्यात समुद्रशैवालाच्या पापुद्र्यात गुंडाळलेली जाड सुशी. हे सगळं आईच्या आणि आजीच्या हातचं. त्याला कोणी कला म्हटलं नाही. हाताने वळलेली ती बाजारातली सुशी मात्र पुरुषांची राहिली.

महायुद्धानंतरचा एक तपशील आम्हांला फार आवडतो. १९४७ मध्ये जपानात धान्याची इतकी टंचाई होती की सरकारने खानावळी बंद ठेवायचा हुकूम काढला. टोकियोच्या सुशीवाल्यांनी डोकं लढवलं. आम्ही अन्न विकत नाही, गिऱ्हाइकाच्या तांदळावर फक्त प्रक्रिया करून देतो, असं त्यांनी सरकारकडून मान्य करून घेतलं. एक गो, म्हणजे साधारण १५० ग्रॅम तांदूळ घेऊन या, वळणावळ द्या आणि १० सुशी घेऊन जा. आपण गिरणीत दळण नेतो तसंच की! ही सोय टोकियोच्या पद्धतीच्या सुशीला मिळाली, म्हणून देशभरच्या दुकानांनी तीच पद्धत उचलली आणि इतर गावांच्या जुन्या सुशी मागे पडल्या. टंचाईतल्या एका कागदी पळवाटेने अख्ख्या देशाच्या जिभेचं वळण बदललं.

दिवस पालटले तशी ही सुशी महाग होत गेली. रस्त्यावरच्या गाड्या स्वच्छतेच्या कारणावरून गेल्या. उरली ती दारावर कापडी पडदा लावलेली दुकानं. आत लांब लाकडी फळी, पलीकडे इतामाए, म्हणजे सुरी चालवणारा कारागीर. भिंतीवर माशांची नावं, पण पुष्कळ ठिकाणी किंमत नाही. त्या जागी 'जिका' लिहिलेलं, म्हणजे आजचा बाजारभाव. तो किती, हे विचारणं कमीपणाचं. कंपनीच्या खर्चाने पाहुण्याला घेऊन येणाऱ्या साहेबाला त्याची फिकीर नव्हती. पण पाकिटात मोजके पैसे घेऊन निघालेली बाई, सोबत दोन पोरं, अशा दुकानाचा पडदा कशी सारणार? आपल्याकडच्या हॉटेलांत बायकांसाठी पडदा लावलेली 'फॅमिली रूम' असायची, ती आठवा. इथे तर तेवढीही सोय नव्हती. घरी पाहुणे आले की दुकानातून सुशीचं तबक मागवायचं, एवढाच तिचा त्या दुकानाशी संबंध.

हे दार किलकिलं केलं ते योशिआकी शिराइशी या गृहस्थांनी. त्यांच्या मनात बायकांचं भलं वगैरे काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. ओसाकाजवळ आज ज्याला हिगाशी-ओसाका म्हणतात, त्या लहान लहान कारखान्यांच्या गावात त्यांचं उभ्याने खायचं सुशीचं दुकान होतं. गिऱ्हाईक म्हणजे कामगार. गर्दी भरपूर, पण हाताखाली माणसं ठेवायला परवडत नव्हतं. एकदा ते असाही कंपनीच्या बिअरच्या कारखान्यात गेले आणि पट्ट्यावरून सरकत जाणाऱ्या बाटल्या बघत राहिले. बाटल्या सरकतात, तर सुशी का नाही?

कल्पना सोपी, करणं अवघड. सरळ पट्टा ठीक, पण कोपऱ्यावर ताटल्या अडायच्या, एकमेकींवर आदळायच्या. शेवटी एकमेकींवर थोड्या चढलेल्या अर्धगोल पट्ट्यांची साखळी जमली. पत्त्यांचा पंखा उघडावा तशी ती वळणावर उघडते आणि पुढे पुन्हा मिटते. मग वेगाचा प्रश्न. हळू फिरवलं तर गिऱ्हाईक कंटाळतं, जोरात फिरवलं तर बघून उचलायला वेळ मिळत नाही. सेकंदाला ८ सेंटिमीटर हा वेग त्यांनी धरला. मिनिटाला पाच मीटरही नाही, पाळण्याजवळून मांजर जावी तसा. या सगळ्यात काही वर्षं गेली आणि १९५८ मध्ये 'मावारु गेन्रोकू सुशी', म्हणजे फिरती गेन्रोकू सुशी, सुरू झाली. १९७० मध्ये ओसाकात जागतिक प्रदर्शन भरलं. सहा कोटींहून जास्त लोकांनी ते पाहिलं आणि फिरती सुशी देशभर माहीत झाली. भरभराटीच्या काळात शिराइशींची २४० च्या आसपास दुकानं होती. पुढे यंत्रमानवाने सुशी वाढायचा घाटही त्यांनी घातला. तो काही चालला नाही. २००१ मध्ये ८७व्या वर्षी ते वारले.

शिराइशींच्या पेटंटची मुदत १९७०च्या दशकाच्या अखेरीस संपली आणि इतरांनी उडी घेतली. सुशिरो, कुरा, कप्पा, हामा ही आज घराघरांत माहीत असलेली नावं. आमच्या मते खरा बदल तेव्हा झाला. पट्ट्यालगत नुसती उंच स्टुलं होती, तिथे समोरासमोर बाकं असलेली टेबलं आली, म्हणजे अख्खं कुटुंब बसू शकलं. ताटलीच्या रंगावर किंमत ठरली. पुष्कळ दुकानांत तर कोणतीही ताटली १०० येन, त्यात दोन सुशी. जेवण झालं की रिकाम्या ताटल्यांची चळत मोजायची आणि गुणाकार करायचा. जिका गेला. कारागिराकडे बघून संकोचायचं गेलं. खाल्लं किती आणि द्यायचे किती, हे आईला बसल्या जागी दिसू लागलं. प्रत्येक जागेपाशी गरम पाण्याचा नळ आणि हिरव्या चहाची भुकटी, तीही फुकट. पोरांसाठी तिखट वासाबी न लावलेली सुशी, मक्याच्या दाण्यांची, अंड्याची, चक्क हॅम्बर्गरची. कुरा सुशीत रिकाम्या ताटल्या टेबलाच्या फटीतून आत सोडायच्या. पाच ताटल्या झाल्या की समोरच्या पडद्यावर खेळ लागतो, जिंकलात तर खेळणं. पाचवी ताटली संपावी म्हणून आई-बापांवर काय दडपण येत असेल, ते तुम्हीच ओळखा.

सॅल्मन माशाची कथाही इथलीच. जपानी लोक सॅल्मन खारवून, भाजून खात, कच्चा नाही, कारण त्यांच्या समुद्रातल्या सॅल्मनमध्ये कृमी असत. १९८०च्या दशकात नॉर्वेकडे समुद्रातल्या जाळ्यांत वाढवलेला सॅल्मन उदंड झाला आणि त्यांनी तो जपानला सुशीसाठी विकायचा चंग बांधला. जुन्या दुकानांच्या कारागिरांनी नाक मुरडलं. फिरत्या पट्ट्यावर मात्र केशरी, तुपकट सॅल्मन पोराबाळांना आवडून गेला. फिरत्या सुशीच्या गिऱ्हाइकांची जी दरवर्षीची पाहणी मारुहा निचिरो कंपनी करते, तीत सॅल्मन वर्षानुवर्षं पहिला येतो. ज्यांना आधी कोणी गिऱ्हाईक धरत नव्हतं, त्यांच्या आवडीने देशाचा लाडका मासा ठरवला.

खाणाऱ्या बाईसाठी दार उघडलं. वळणाऱ्या बाईचं काय?

हातांनी सुशी वळणारी बाई जुन्या दुकानांत जवळजवळ नव्हतीच. कारणं सांगत ती अशी: बाईचे हात गरम असतात, मासा बिघडतो. २०११ मध्ये तर टोकियोतल्या एका जगप्रसिद्ध दुकानाच्या मालकाच्या मुलाने, जो स्वतः नामांकित कारागीर आहे, मुलाखतीत सांगितलं की पाळीमुळे बाईची चव स्थिर राहत नाही, म्हणून ती सुशी करू शकत नाही. हे वाचून आम्हांला काही परकं वाटलं नाही. लोणच्याच्या बरणीला हात लावू नकोस, पापड लाल पडतील, हे ऐकतच आपण मोठ्या झालो. गंमत अशी की तिकडे घरची सणाची सुशी शतकानुशतकं त्याच गरम हातांनी केली, आणि ती कधी बिघडल्याची तक्रार नाही.

फिरत्या सुशीने बाईला स्वयंपाकघरात घेतलं, पण मागच्या दाराने. १९८१ मध्ये सुझुमो कंपनीने भाताचे गोळे पाडणारं यंत्र बाजारात आणलं. भात शिकायला ३ वर्षं आणि वळायला ८ वर्षं, असं ज्या धंद्यात सांगत, तिथे यंत्र गोळे पाडू लागलं आणि त्यावर माशाचा काप ठेवायचं काम काही दिवसांत शिकता येऊ लागलं. हे काम तासावर पगार घेणाऱ्यांकडे गेलं आणि त्यांत संसारी बायका पुष्कळ. जपानात नवऱ्यावर अवलंबून असलेल्या बाईचं उत्पन्न वर्षाला १० लाख ३० हजार येनच्या वर गेलं की कराचा हिशेब बदलायचा. म्हणून कित्येक जणी वर्षअखेरीला तास कमी करून घेत. ही मर्यादा हल्लीच वाढवली. यातल्या कोणाला इतामाए म्हणत नाहीत. त्या 'पार्ट', म्हणजे अर्धवेळच्या बाया. स्वस्त ताटलीच्या हिशेबात त्यांची मजुरी धरलेली आहे, हे आम्हांला विसरता येत नाही.

सुरी हातात घेतली ती वेगळ्या बायकांनी. २००२ मध्ये टोकियो सुशी अकादमी निघाली. दहा वर्षं उमेदवारी न करता काही महिन्यांत तिथे शिकता येतं, आणि ती वाट बायकांनाही खुली होती. २०१० मध्ये टोकियोच्या अकिहाबारा भागात 'नादेशिको' नावाचं दुकान निघालं, त्यात सुशी वळणाऱ्या सगळ्या बायकाच. गिऱ्हाइकं येऊन तोंडावर टोमणे मारत, तुला येतं का हे, म्हणून. त्यांनी फुलाफुलांचे किमोनो घालून काम केलं, तर त्यावरही टीका झाली.

पट्ट्याचं म्हणाल तर तो आता थांबत चालला आहे. २०२२ मध्ये तांदूळ, मासा, वाहतूक सगळं महागलं आणि सुशिरो, कुरा यांनी १०० येनची ताटली सोडली. २०२३च्या जानेवारीत एका मुलाने दुकानातली सोया सॉसची बाटली चाटून त्याचा व्हिडिओ पसरवला. लोकांच्या मनात किळस बसली. पुष्कळ दुकानांनी ताटल्या फिरवणं बंद केलं. आता टेबलावरच्या पडद्यावर बोट लावायचं, की मागितलेली ताटली वेगळ्या पट्ट्यावरून सरळ तुमच्यापुढे येऊन थांबते. कुराने मात्र ताटल्यांवर झाकणं आणि वर कॅमेरे ठेवून फिरता पट्टा चालू ठेवला आहे.

आता शाकाहारी मैत्रिणींसाठी. मुलगा-सून जपानात नोकरीला, म्हणून तिकडे जाणाऱ्या आपल्याकडच्या बायका आता कमी नाहीत. काकडीची सुशी, तिला कप्पा माकी म्हणतात, ती बिनधास्त घ्या. इनारी गोड लागते, दिसायलाही शाकाहारी, पण टोफू ज्या रश्शात शिजवतात त्यात बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो. अंड्याच्या वडीतही तोच. आंबवलेल्या सोयाबीनची नात्तो सुशी मिळते, ती तारेदार असते आणि वास उग्र. तिच्यासोबतच्या सॉसमध्येही माशाचा अर्क असू शकतो, तेव्हा आधी विचारा. चहाची भुकटी मात्र कपात आधी घाला, पाणी मागून. आणि तो नळ हात धुवायचा नाही बरं का, त्यातून कढत पाणी येतं.