जम्बो: हत्ती की विमान?

वांद्रे स्टेशनात रविवारचे खोळंबे दोन जातींचे. हार्बरची गाडी बंद असेल तर तो मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, चर्चगेट-विरारची रखडली तर पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक. काम तेच: रूळ, सिग्नल, ओव्हरहेड वायर. ‘मेगा’ ग्रीक, विषय मिटला. ‘जम्बो’ मात्र एका हत्तीचं नाव, आणि तो हत्ती मेला रेल्वेच्याच धडकेने!

1865 साली तो पॅरिसहून लंडनच्या प्राणिसंग्रहालयात आला, पोरांना पाठीवर फिरवू लागला. 1882 मध्ये अमेरिकन सर्कसवाल्या बार्नमने त्याला विकत घेतलं. लंडनकरांनी आकांत केला, तरी नेलंच. 15 सप्टेंबर 1885 रोजी कॅनडातल्या सेंट थॉमसच्या यार्डात, खेळ आटोपून सर्कशीच्या डब्याकडे नेताना, मालगाडीने त्याला उडवलं.

पण हत्तीला हे नाव कुठून मिळालं? लोकप्रिय उत्तर स्वाहिलीचं: ‘जांबो’ म्हणजे रामराम, किंवा ‘जुंबे’ म्हणजे गावचा मुखिया. ऐकायला झकास, पण मला पटत नाही. हत्ती सुदानकडचा, आला पॅरिसमार्गे. वाटेत स्वाहिली भेटायचीच कुठे? शिवाय हत्तीच्या कितीतरी आधी, 1823 मध्येच, लंडनच्या बोलभाषेत धिप्पाड, बोजड माणसाला ‘जम्बो’ म्हणत. त्याच्याही मागे ‘मंबो-जंबो’ उभा आहे: पश्चिम आफ्रिकेतला मुखवटेधारी बागुलबुवा, अठराव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांनी वर्णिलेला. माझा कौल त्यालाच.

आपल्याकडे मात्र हा शब्द हत्तीवर बसून आलाच नाही. हत्तीसाठी मराठीला उसना शब्द कशाला हवा? जम्बो सर्कस 1977 ची, म्हणजे तीही उशिराची. 1971 मध्ये एअर इंडियाचं बोइंग 747 आलं आणि मराठी तोंडात ‘जम्बो जेट’ बसलं, असं मी ठामपणे म्हणतो. त्यातलंच पहिलं विमान, ‘सम्राट अशोक’, 1 जानेवारी 1978 च्या रात्री सांताक्रूझहून दुबईकडे उडालं आणि वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं. विमानातले 213 जण गेले.

पुढे शब्द सुटलाच: जम्बो मंत्रिमंडळ, ‘जम्बो’ कुंबळे, 2020 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातलं जम्बो कोविड केंद्र. मराठी कोशकारांना एकच विनंती: ‘जम्बो’पुढे मूळ म्हणून हत्ती जरूर लिहा, पण मराठीत तो विमानाने आला, हेही लिहा.