हवामानाचा हक्क आणि पंच्याहत्तर वर्षांची अट

२१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या कलम १४ आणि २१ मधूनच निघतो. खटला माळढोक पक्ष्याचा होता. राजस्थान-गुजरातमध्ये विजेच्या तारांना धडकून पक्षी मरतात, म्हणून तारा जमिनीखालून न्या, असा २०२१ चा आदेश होता. सौरऊर्जेचे काम अडते म्हणून न्यायालयाने तो सैल केला, आणि त्या ओघात हा नवा हक्क सांगितला. जंगलात राहणाऱ्यांना जास्त झळ बसते, हेही निकालात आहे. आम्हाला आनंद झाला. पण हक्क जाहीर होणे वेगळे आणि तो घेऊन न्यायालयाच्या दारात उभे राहता येणे वेगळे. बाबासाहेबांनी कलम ३२ ला संविधानाचा आत्मा म्हटले ते उगीच नाही.

चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो. भोवती कोळशाच्या खाणी, उशाला २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र. इथून हवामानाचा खटला उभा करायचा तर तो करणार कोण?

९ एप्रिल २०२४ रोजी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने स्वित्झर्लंडमधल्या वृद्ध महिलांचा असाच खटला निकाली काढला. उष्णतेच्या लाटांत आमचा जीव जातो आणि सरकार पुरेसे करत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. गंमत अशी की, चार महिलांच्या वैयक्तिक तक्रारी न्यायालयाने दाखल करून घेतल्या नाहीत. त्यांच्या संघटनेची तक्रार मात्र मान्य केली. एकटा माणूस उन्हाविरुद्ध उभा राहू शकत नाही, संस्था राहू शकते.

आपल्या जंगलपट्ट्यात अशी कायद्याची संस्था आहे: ग्रामसभा. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ५ ने जंगल राखण्याचा अधिकार तिला दिला. २०१३ मध्ये ओडिशाच्या नियमगिरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला, तेव्हा बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या हातात घेतला. हे आम्ही आदराने सांगतो.

पण आंबेडकरी माणूस 'गाव' हा शब्द ऐकून थोडा थांबतोच. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावगाड्याबद्दल जे सांगितले, ते आपल्याला पाठ आहे. वनहक्काच्या गावातही आपल्या वस्तीचे स्थान काय? वनहक्क समितीत किमान दोन तृतीयांश सदस्य अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला असतात. आदिवासी भावंडांचा हा वाटा न्याय्य आहे, त्यावर आमची तक्रार नाही. पण आपण कायद्याच्या भाषेत 'इतर पारंपरिक वननिवासी' ठरतो, आणि तिथे अट लागते: १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य. म्हणजे १९३० चा पुरावा! ज्यांना १९३० साली शाळेत दाराबाहेर बसवले जाई, त्यांनी कागद कुठून आणायचा? १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दावे फेटाळलेल्यांना जंगलाबाहेर काढण्याचा आदेश आला आणि २८ फेब्रुवारीला तो स्थगित झाला. त्या पंधरा दिवसांत ही अट किती धारदार आहे ते दिसले. ज्याचा दावाच फेटाळलेला, तो खाणीविरुद्ध कोणत्या नात्याने बोलणार?

इथे एक गैरसमज कार्यकर्त्यांनी आधी दूर करावा. ७५ वर्षांची अट राहण्याची आणि जंगलावरच्या अवलंबनाची आहे, तोच जमिनीचा तुकडा ७५ वर्षे कसण्याची नाही. जमिनीच्या ताब्यासाठी तारीख १३ डिसेंबर २००५ हीच. शिवाय नियम १३ मध्ये सरकारी कागदांबरोबर विहिरी, स्मशानभूमी, जुन्या घरांच्या खुणा आणि ज्येष्ठांचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक कागदासाठीच अडून बसता येत नाही. तालुक्याच्या टेबलावर मात्र अजूनही आधी जुना दाखला मागतात.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला बाबासाहेबांकडून दीक्षा घेतली, तेव्हा जंगलातल्या गावांतून पायी आलेली माणसेही होती. त्या पिढीतले जे थोडे उरले आहेत, ते आज ऐंशी-नव्वदीत आहेत. १९३० च्या आधी आपले आजोबा कोणत्या पाड्यावर राहत, मोहफूल कुठल्या रानातून आणत, हे त्यांनी घरातच ऐकलेले आहे. त्यांचे जबाब अजून कोणी लिहून घेतलेले नाहीत.