कमरा, कॅमेरा, फीत

‘चित्रफीत व्हायरल झाली’ असे बातमीत वाचले की त्या शब्दाच्या चिवटपणाचे मला कौतुक वाटते. मोबाइलवर टिपलेल्या दृश्यात फीत औषधालाही नसते. शब्दाची जातकुळीही गमतीची आहे. ‘चित्र’ संस्कृत, तर ‘फीत’ पोर्तुगीज ‘फिता’वरून आलेली. चावी, पगार, पाव, घमेले यांच्यासारखीच ती किनाऱ्याकडून आत आली, वेणीत बसली, बुटात शिरली आणि सरकारी फायलींना गुंडाळून लाल झाली. पुढे टेप आली तेव्हा फितीला नुसते जोड लावले आणि ध्वनिफीत, चित्रफीत हे शब्द तयार झाले.

बोलताना मात्र चित्रफीत कोणाच्या तोंडी नसते. अजिंठ्याच्या बाजूच्या सोयगाव, फर्दापूरकडे लग्नघरी विचारणा होते ती ‘शूटिंगवाला आला का?’ अशीच. शूटिंग हा खरे तर बंदुकीचा शब्द. मराठीने त्याला ‘काढणे’ या सोशिक क्रियापदाला जोडून दिले. रांगोळी काढतात, चित्र काढतात, फोटो काढतात, तशी शूटिंगही काढतात. शूटिंगवाल्याच्या खांद्यावर मोठा कॅमेरा असे आणि शेजारी हॅलोजन धरून घामाघूम झालेला एक पोरगा. मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्याच्या मुठीत मावे तो हँडीकॅम. हँडीकॅम हे सोनीने १९८५ मध्ये बाजारात आणलेले नाव. पण यंत्र पॅनासॉनिकचे असो की जेव्हीसीचे, आपल्याकडे ते हँडीकॅमच, जसे कुठलेही वनस्पती तूप डालडा होते.

‘कॅमकॉर्डर’ हा रीतसर शब्द त्यामुळे खोक्यावरच राहिला. तो जुळवलेला होता कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची मोडतोड करून. या मोडतोडीत रेकॉर्डरचा ‘रे’ गळाला आणि उरलेल्या तुकड्यात लॅटिन ‘कोर’, म्हणजे हृदय, शिल्लक राहिले. आपला ‘हृद्’ त्याचाच दूरचा भाऊबंद. रेकॉर्ड करणे म्हणजे मुळात पुन्हा मनाशी आणणे. व्हिडिओचा अर्थ तर सरळ ‘मी पाहतो’ असा आहे, आणि त्याचा धातू ‘वेद’ आणि ‘विद्या’ यांच्या ‘विद्’शी सख्खे नाते सांगतो.

एवढा उच्चकुळी शब्द, पण त्याचे यंत्र भारी नाजूक. १९९५ च्या सुमारास डिजिटल फीत आली. ६.३५ मिलिमीटर रुंदीची ही फीत काडेपेटीहून जराशी मोठ्या कॅसेटमध्ये बसे आणि तासाभराचे चित्रण धरून ठेवी. ‘एलपी’ म्हणजे लाँग प्लेवर टाकले की तोच तास दीड तासाचा होई. काटकसरी वऱ्हाडाला ते आवडे, पण दुसऱ्या कॅमेऱ्यात तीच कॅसेट लावली की नवरीच्या चेहऱ्याचे चौकोनी तुकडे पडण्याची भीती असे. चित्र व्हीएचएसपेक्षा कितीतरी स्वच्छ, यात वाद नाही. संगणकात उतरवायचे तर मात्र तासाच्या चित्रणाला तासच लागे आणि १३ जीबीच्या आसपास जागा खाई. मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात दमट हवेने आत ओल धरली की पडद्यावर दवाची खूण उमटे आणि यंत्र संप पुकारे. शांत जागी त्याच्या मोटारीची घरघर त्याच्याच माइकमध्ये शिरे. खोक्यावर १२० पट झूमची जाहिरात असे. त्यातला दहाएक पट भिंगाचा आणि बाकीचा चित्र ताणून केलेला. त्या आकड्यावर कॅमेरा विकत घेणाऱ्यांची मला नेहमी कीव येत असे.

आता ‘कॅमेरा’. ग्रीक ‘कमारा’ म्हणजे कमानीदार छत, लॅटिनमध्ये त्याची झाली खोली. पोर्तुगीजांच्या ‘कामरा’तून हिंदीला कमरा मिळाला. फ्रेंच वाटेने आलेले चेंबर आपल्याकडे वकिलाचेही असते आणि गटाराचेही. एका खोलीत राहणारे ते कॉम्रेड, हेही त्याच घराण्यातले. भिंतीच्या बारीक भोकातून आत येऊन उलटे चित्र उमटवणाऱ्या अंधाऱ्या खोलीला विद्वानांनी ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ म्हटले. पुढे ‘ऑब्स्क्युरा’ गळाले, खोली उरली आणि ती खिशात मावू लागली.

या व्युत्पत्तीचा दगडी पुरावा सोयगाव तालुक्यातच आहे. अजिंठा गाव सिल्लोड तालुक्यात, पण त्याच्या नावाची लेणी सोयगाव तालुक्यात येतात. १९ आणि २६ क्रमांकांच्या चैत्यगृहांचे फासळ्या-फासळ्यांचे गोल छत म्हणजे अगदी ग्रीकांचा ‘कमारा’. ‘लेणे’ हाही खोलीचाच शब्द, ‘लयन’वरून आलेला. दागिन्याचे लेणे वेगळे, ते अंगावर लेण्यावरून आले. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिलने १८४४ पासून इथल्या चित्रांच्या नकला केल्या आणि पुढे कॅमेराही वापरला. हँडीकॅमची या अंधारात परीक्षाच होई. फ्लॅशला मनाई, आणि आहे त्या उजेडात चित्र नुसते दाण्यांनी खदखदे. ‘शून्य लक्स’ची शेखी मिरवणारा नाइटशॉट लावला तर भिंतीवरचा पद्मपाणीही हिरवा दिसणार.

खोलीचा हा जुना अर्थ आपल्या बातम्यांत अजून जिवंत आहे आणि तिथे त्याने मजेदार घोळ घातला आहे. ‘इन कॅमेरा सुनावणी’ म्हणजे बंद दाराआडची, जिथे कॅमेऱ्यालाही प्रवेश नाही. पण नातेवाईक ‘इन कॅमेरा शवविच्छेदन करा’ अशी मागणी करतात तेव्हा त्यांना हवे असते बरोबर उलटे: सगळे चित्रित झाले पाहिजे. एक अर्थ लॅटिनचा, दुसरा मराठी माणसाच्या संशयाचा. कायद्याच्या जाणकारांना दुसरा खटकतो. मला मात्र तो आवडतो, कारण लोकांनी तो आपल्या गरजेतून घडवला आहे.

फितीनंतरचा शब्द तर ळ आणि ल यांच्यात वाटला गेला. दोऱ्याचे आणि सिनेमाचे ते रीळ. लेण्यांजवळच्या वाघूर नदीच्या धबधब्यापुढे उभी राहून पोरे मोबाइलवर काढतात ती रील. क्रियापद मात्र अजून ‘काढणे’च.