नाताळचा फराळ : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक सांस्कृतिक-ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

धर्मांतराच्या इतिहासाचा अभ्यास बहुधा चर्च, शाळा, रुग्णालये आणि छापखाने यांच्या आधारे केला जातो. स्वयंपाकघर हे इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच विचारात घेतले जाते. वस्तुतः माणसाने उपासनेची पद्धत बदलली तरी त्याच्या जिभेची चव आणि हाताची सवय सहजासहजी बदलत नाही. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत नाताळनिमित्त तयार होणारा आणि शेजारीपाजारी वाटला जाणारा फराळ हे याचे बोलके उदाहरण होय. पूर्व विदर्भातील भंडारा जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा प्रदेश. येथील ख्रिस्ती लोकसंख्या अत्यल्प आहे. तथापि येथील नाताळ समजून घेताना पोर्तुगीज किनारपट्टी, स्कॉटिश मिशन आणि स्थानिक दिवाळी या तीन परंपरांचा परस्परसंबंध स्पष्ट होतो. त्या संबंधाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

'नाताळ' या शब्दाचा प्रवास

मराठीतील 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल' या शब्दावरून आला आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकले आणि १५३४ च्या तहाने वसई त्यांच्या ताब्यात गेली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई घेतली. पोर्तुगीज सत्ता तेथून गेली, परंतु पाव, बटाटा, काजू या शब्दांप्रमाणेच नाताळ हा शब्दही मराठीत कायम राहिला. भंडाऱ्यावर पोर्तुगीजांची सत्ता कधीच नव्हती. हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. ते राज्य खालसा झाल्यावर तो ब्रिटिश अमलाखाली आला आणि १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात समाविष्ट झाला. शेजारच्या हिंदी भाषक मुलखात या सणाला 'बडा दिन' म्हणतात. असे असूनही वैनगंगेच्या खोऱ्यातील मराठी भाषक मात्र कोकण किनाऱ्यावरचा शब्द वापरतो. मिशन स्कॉटलंडचे, राज्य इंग्रजांचे आणि सणाचे नाव पोर्तुगीज, असा हा संयोग आहे.

दोन मिशन परंपरा

किनारपट्टीवरील कॅथलिक परंपरेत सण आणि खाद्य यांचे नाते प्रारंभापासून घट्ट होते. गोव्यात नाताळच्या गोड पदार्थांचे ताट शेजाऱ्यांकडे पाठविण्याच्या प्रथेस 'कोन्सुआद' म्हणतात. मंगळुरी कॅथलिकांमध्ये या पदार्थांना 'कुस्वार' असे नाव आहे. नेवरी, दोदोल, बेबिंका, कुलकुल हे त्यातील प्रमुख पदार्थ. यांपैकी नेवरी विशेष लक्षणीय आहे, कारण हाच पदार्थ गोव्यातील हिंदू घरांत गणेश चतुर्थीला होतो. गोव्यात धर्मसमीक्षण न्यायालय १५६० मध्ये स्थापन झाले. त्याच्या १७३६ च्या आज्ञापत्राने नवख्रिस्त्यांच्या अनेक देशी चालींवर बंदी घातली. हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजवू नये, इतक्या बारकाईने ही बंदी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली होती. एवढी करडी नजर असतानाही नेवरी टिकली, इतकेच नव्हे तर ख्रिस्तजन्माच्या ताटात मानाने बसली.

विदर्भातील परिस्थिती याहून वेगळी होती. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ मध्ये नागपुरात कार्यास प्रारंभ केला आणि पुढे या मिशनचे कार्य भंडाऱ्यापर्यंत विस्तारले. ज्या प्रेस्बिटेरियन परंपरेतून हे मिशनरी आले, तिला ख्रिसमसचा सण मुळात मान्य नव्हता. बायबलमध्ये आधार नसलेला उत्सव म्हणून सोळाव्या शतकातील स्कॉटिश धर्मसुधारकांनी तो नाकारला. १६४० मध्ये स्कॉटिश संसदेने नाताळची सुटी रद्द केली आणि स्कॉटलंडमध्ये ख्रिसमसला सार्वजनिक सुटीचा पूर्ण दर्जा १९५८ मध्ये मिळाला. अहमदनगर परिसरात कार्य करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या पूर्वसुरींचा इतिहासही असाच आहे. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात ख्रिसमस साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा कडवेपणा ओसरला, हे खरे. तरीही नाताळच्या खाद्यपदार्थांची गोव्यासारखी समृद्ध परंपरा या मिशनरींजवळ देण्यासाठी नव्हती.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. प्रॉटेस्टंट मराठी ख्रिस्त्यांचा नाताळचा फराळ हा मुख्यतः मिशनरींचा वारसा नाही. सण नवा होता, पण त्याचे खाद्यरूप नवख्रिस्त्यांनी स्वतःच्या आठवणीतून घडविले आणि ती आठवण दिवाळीची होती. करंजी, अनारसे, चकली, शंकरपाळे, शेव, चिवडा व लाडू हे पदार्थ एका सणातून दुसऱ्या सणात आले. नारायण वामन टिळकांनी कीर्तन आणि भजन ख्रिस्ती उपासनेत आणले, याची दखल वाङ्मयेतिहासाने घेतली आहे. तेच देशीकरण स्वयंपाकघरात स्त्रियांनी घडविले, त्याची दखल मात्र क्वचितच घेतली गेली.

कढई आणि भट्टी

या फराळाच्या स्वरूपामागे भौतिक कारणेही होती. युरोपीय ख्रिसमसचे केक आणि बिस्किटे यांना बंद भट्टी व गव्हाचा मैदा लागतो. भंडारा जिल्ह्यात मुख्य पीक धानाचे. धानाच्या बांधीतच पुढे लाखोरी व जवस घेण्याची उतेरा पद्धत येथे रूढ आहे. घरात चूल होती, कढई होती, भट्टी नव्हती. म्हणून भाजण्यापेक्षा तळण्यावर भर राहिला. अनारशात तांदूळ तीन दिवस भिजवून, कुटून, गुळात मुरवून, खसखशीवर थापून तळला जातो. डिसेंबरमध्ये धानाचा हंगाम घरात आलेला असतो. त्यामुळे तांदूळ, गूळ व सवड या तिन्ही गोष्टी या सणाला अनुकूल ठरतात.

किनारपट्टीवरही घरगुती भट्टी सर्वत्र नव्हतीच. बेबिंक्याचा प्रत्येक थर वरून निखाऱ्यांची आच देऊन भाजला जाई. शहरांत बेकरी आल्यावर घरचे पीठ, तूप, साखर नेऊन नानकटाई भाजून आणण्याची रीत महाराष्ट्रात रुळली आणि ती दिवाळी व नाताळ दोहोंना सामाईक झाली. केकचा प्रसार मात्र लष्करी छावण्या, रेल्वे आणि व्यापारी बेकऱ्या यांच्यामार्गे झाला. केरळमधील तलश्शेरी येथे मांबळ्ळी बापू यांनी १८८३ मध्ये देशी कारागिराच्या हातचा पहिला ख्रिसमस केक तयार केला, अशी परंपरा सांगितली जाते. भंडाऱ्याजवळच्या कामठीला ब्रिटिशांनी १८२१ मध्ये छावणी वसविली होती. केक हा अशा छावण्यांचा, म्हणजे राज्यकर्त्यांचा पदार्थ. करंजी हा घरचा.

सजावटीतही हाच भेद दिसतो. केकची सजावट साखरेच्या लेपाने वरून होते. फराळाची सजावट पदार्थाच्या घडणीतच असते : करंजीच्या कडेला बोटांनी घातलेली मुरड, कातण्याच्या दातेरी चाकाने कापलेले शंकरपाळे, काट्याच्या किंवा नव्या फणीच्या पाठीवर वळलेले कुलकुल, फुलाच्या आकाराच्या लोखंडी साच्यावर तळलेली 'रोझ कुकी'. हे काम एकट्याचे नसते. घरातील मुलेबाळे व शेजारणी मिळूनच ते उरकते.

ताटाची देवाणघेवाण

या फराळाचे खरे ऐतिहासिक महत्त्व तो वाटण्यात आहे. जातिव्यवस्थेत अन्नाचा स्वीकार हा सामाजिक दर्जाचा निकष होता. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जाति-जमातींवरील ग्रंथात 'कच्चे' व 'पक्के' अन्न या भेदाची नोंद आहे. पाण्यात शिजविलेले अन्न परक्याच्या हातून घेणे निषिद्ध, तर तुपातेलात तळलेल्या अन्नाबाबत निर्बंध तुलनेने सैल होते. तथापि अस्पृश्य मानलेल्या जातींना ही सवलत मिळत नव्हती, आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य प्रॉटेस्टंट नवख्रिस्ती याच जातींतील होते. त्यामुळे नाताळचे ताट शेजारच्या घरी जाणे ही केवळ शिष्टाचाराची बाब नव्हती. ताट स्वीकारले गेले की नाही, त्यातील पदार्थ खाल्ला गेला की बाजूला ठेवला गेला, यावरून शेजाराची खरी परीक्षा होत असे.

ही परीक्षा ख्रिस्ती घरांच्या आतही होती. टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाकडून बायबल मिळाले. भंडारा रोड स्थानक याच लोहमार्गावर आहे. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई टिळक पतीनंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. जेवणातील सोवळे-ओवळे आणि जातिभेद मनातून काढण्यासाठी त्यांना किती झगडावे लागले, याचे प्रांजळ वर्णन 'स्मृतिचित्रे'त आहे. धर्मतत्त्व पटण्याआधी पंगतीचा प्रश्न सोडवावा लागतो, हेच त्यातून दिसते.

दिवाळीला हिंदू घरातून आलेले ताट रिकामे परत न करता नाताळला भरून देणे, ही रीत मराठी ख्रिस्ती कुटुंबांत आजही आढळते. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडाऱ्यात ताट हा शब्द नुसत्या भांड्याचा वाचक राहत नाही, तो देण्याघेण्याचाही होतो. दोन्ही ताटांतील करंजी सारखीच असल्यामुळे घेणाऱ्याला परकेपणा वाटत नाही. पदार्थाचे साम्य हे येथे स्वीकाराचे साधन ठरले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मराठी नाताळचे नाव किनाऱ्यावरून आले, पण पूर्व विदर्भासारख्या प्रदेशात त्याची चव स्थानिक राहिली. दुसरी, स्कॉटिश मिशनच्या उत्सवविषयक उदासीनतेमुळे जी जागा रिकामी राहिली, ती स्त्रियांनी दिवाळीच्या फराळाने भरली; म्हणून या देशीकरणाचे श्रेय प्रामुख्याने त्यांचे आहे. तिसरी, फराळाची देवाणघेवाण ही अन्नविषयक जातिनिर्बंधांना दिलेली मूक परंतु चिवट हुलकावणी होती.

आज तयार केक सर्वत्र मिळतो आणि घरी फराळ करण्याचे प्रमाण घटत आहे. केक विकत आणून वाटता येतो, यात शंका नाही. परंतु ज्या पदार्थाने दोन घरांमधील अंतर कमी केले, त्याची कृती आणि त्याच्या देवाणघेवाणीच्या आठवणी ज्येष्ठ स्त्रियांजवळ आहेत. मौखिक इतिहासाच्या पद्धतीने त्या वेळीच नोंदविल्या गेल्या नाहीत, तर स्थानिक सामाजिक इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण लिहिले जाण्यापूर्वीच नष्ट होईल. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी आपल्या परिसरातच हे काम हाती घेणे अगत्याचे आहे.