निष्ठा कोणाशी?

निष्ठेची परीक्षा पराभवात होते असे आपण मानतो. पण हरलेला संघ निदान आपला तरी असतो. संघच गाव सोडून निघाला, तर चाहत्याने काय करावे? लंडनमधील विंबल्डनच्या फुटबॉलप्रेमींपुढे हा पेच खरोखरच पडला.

१९८८ साली लिव्हरपूलला १-० ने हरवून एफ. ए. चषक जिंकणारा विंबल्डन क्लब १९९१ साली आपले प्लाउ लेन मैदान सोडून क्रिस्टल पॅलेस क्लबच्या मैदानावर पाहुणा झाला. मे २००२ मध्ये तिघांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने त्याला सुमारे ९० किलोमीटरवरील मिल्टन कीन्सला जाण्याची मुभा दिली. चाहत्यांपुढे मोह दोन होते. खेळाडू तेच, तेव्हा क्लबामागून जावे. नाहीतर लंडनात क्लबांना काय तोटा, शेजारचा एखादा आपला म्हणावा. पुष्कळांनी दोन्ही मोह टाळले. त्यांनी लगेच ए. एफ. सी. विंबल्डन हा स्वतःचा क्लब काढला, गावच्या माळावर खेळाडूंची चाचणी घेतली आणि अगदी खालच्या पायरीच्या लीगपासून आरंभ केला. २०११ साली हा संघ फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. २०२० साली जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, प्लाउ लेनवर परतला.

या लोकांनी क्लब बदलला, असे कोणी म्हणेल. आम्हांस वाटते, बदलला तो मालकांनी. चाहते होते तेथेच राहिले.