संशयाचं खातं

ज्या रकमेचा मेळ लागत नाही, ती आम्ही बँकवाले ‘सस्पेन्स’ खात्यात टाकतो आणि पुढं केव्हातरी निस्तरतो. संसारातही असं एक खातं असतंच. फरक इतकाच, की तिथं ऑडिटर घरातलाच असतो!

या खात्याचा झकास ताळेबंद एका मूकपटानं मांडून ठेवलाय : १९२४ सालचा ‘द मॅरेज सर्कल’. दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच हा बर्लिनचा गडी. मेरी पिकफर्डनं त्याला १९२२ साली हॉलिवूडला बोलावून घेतलं. तिथं त्यानं चॅप्लिनचा ‘अ वुमन ऑफ पॅरिस’ (१९२३) पाहिला आणि भव्य ऐतिहासिक देखावे सोडून दिवाणखान्यातल्या भानगडींकडं मोर्चा वळवला.

गोष्ट व्हिएन्नाची. सुरुवातीलाच प्रोफेसर स्टॉक (अडॉल्फ मेंजू) यांच्या मोज्याला भोक! बायकोचा खण मोज्यांनी गच्च, यांचा जवळजवळ रिकामा. संपला परिचय! संवाद हवेत कशाला?

या मिट्झीबाईंचा डोळा मैत्रीण शार्लटच्या नवऱ्यावर, डॉक्टर ब्राउनवर. डॉक्टर बिचारे तिला टाळायला मेजवानीत नावाच्या चिठ्ठ्या बदलून दुसऱ्याच एका बाईशेजारी जागा घेतात. शार्लट ते बघते आणि संशय घेते त्या निष्पाप बाईचा! वर नवऱ्यावर नजर ठेवायची विनवणी कुणाला करते? मिट्झीला. म्हणजे चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या!

तुम्ही म्हणाल, दोन वाक्यं बोलली असती तर गैरसमज फिटला नसता का? पण मत्सराचं हेच तर आहे. तो कानांनी ऐकत नाही, डोळ्यांनी बघतो आणि बघितलेलं स्वतःच्या सोयीनं लावतो. म्हणून तो मूकपटात इतका शोभला. लुबिचनंच १९३२ साली ही कथा ‘वन अवर विथ यू’ म्हणून गाण्यांसकट बोलती केली. पण पात्रांना वाचा फुटली म्हणून त्यांना अक्कल थोडीच येते?

खरी गंमत शेवटी. डॉक्टरांचा भागीदार शार्लटवर झुरत असतो. ती प्रांजळपणे ते नवऱ्याला सांगते, तर त्याला ते खरंच वाटत नाही! नसलेली भानगड सगळ्यांना पटली होती, असलेली कुणालाच पटेना.

मार्चअखेरीस रात्री दहाला घरी येणाऱ्या कारकुनाला हे नवं नाही. ‘बॅलन्स जुळत नव्हता’ या शंभर टक्के खऱ्या कारणाइतकं संशयास्पद कारण जगात दुसरं नाही. तरी ताट वाढलेलं असतं. संसार चालतो तो त्या ताटावर; पुराव्यावर चालायचा असता, तर कधीच बुडीत खाती गेला असता.