तळटीप : चिंचवड

१. लेखकाने इथे चिंचवडला ‘कारखान्यांमुळे वसलेलं गाव’ म्हटलं आहे, ते अपुरं आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली. पुढे भोसरी-आकुर्डी पट्ट्यात मोठे कारखाने आले, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, हे खरं. पण पवनेच्या काठचं गाव त्याच्या कितीतरी आधीचं आहे. मोरया गोसावी यांची संजीवन समाधी इथे घाटालगतच आहे. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं आणि नदी फुगली की पाणी थेट समाधिमंदिराच्या आवारात शिरतं. पूर ओसरला की गाळ उपसून फरशी धुवायची, हा तिथल्या मंडळींचा नेमच होऊन बसला आहे. मंगलमूर्ती वाड्यातून भाद्रपदात आणि माघात मोरगावला पालखी जाते. गाव आणि देवस्थान यांची वीण किती घट्ट आहे, हे पाहायचं तर त्या दिवशी वाड्याच्या दाराशी उभं राहावं. जुन्या घरांतली माणसं आणि कामानिमित्त मराठवाड्या-विदर्भातून येऊन इथलीच झालेली कुटुंबं तिथे खांद्याला खांदा लावून असतात. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत इंग्रज प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडणारे चापेकर बंधूही याच गावचे. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघेही भाऊ फासावर गेले. त्यांच्या वाड्याच्या जागी आज स्मारक आहे. प्रस्तुत प्रकरणात त्याचा उल्लेख नाही. तो असायला हवा होता, असं आम्हाला वाटतं. — संपादक